भवानीचं गिऱ्हाईक

शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. उरलेलं अर्धं ढकलायला अंगात जीव नव्हता, म्हणून कॉफी पोटात जाईपर्यंत मी ते तसंच लटकत ठेवलं होतं. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. थर्मासमधलं पाणी कपात ओतते न ओतते तोच शटरखालून एक ओलं डोकं आत आलं... मग खांदे... मग गुडघ्यांवर रांगत सबंध माणूस.

“बॉस, दुकान उघडलं नाही अजून,” मी म्हटलं.

“म्हणूनच तर रांगत आलो, मिस.”

आमच्या बनावे रस्त्यावर सगळेच बॉस. गिऱ्हाईक बॉस, हमाल बॉस, पावती फाडणारा पोलीससुद्धा बॉस. मनिलातल्या ज्या कुणाची गाडी बिघडते तो शेवटी ह्याच रस्त्यावर येतो, आणि त्या प्रत्येकाचं नाव कोण लक्षात ठेवणार? हा बॉस उठून उभा राहिला, केस झटकले, आणि त्या झटकण्यातलं निम्मं पाणी माझ्या कॉफीत पडलं.

“सॉरी,” तो म्हणाला.

“असू द्या. नाहीतरी पातळच होती. काय हवंय?”

“जुन्या जपानी हॅचबॅकची क्लच प्लेट. रेसमध्ये उतरवायचीय. भक्कम हवी... आणि स्वस्त.”

“भक्कम की स्वस्त?”

“दोन्ही.”

मी त्याच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, नखांत ग्रीस, दाढी वाढलेली. हा माणूस बहुतेक माझ्याइतकाच दमलेला होता. तरी हसत होता, हेच मला आवडलं नाही. सकाळी सकाळी इतकं हसायचं म्हणजे काय!

“असं बघा बॉस,” मी म्हटलं, “ओरिजनल आहे, ती तुम्हाला परवडणार नाही. जपानमधल्या भंगार गाडीतून काढलेली आहे, ती बरी आहे. आणि तिसरी आहे ती... डब्यावर एक नाव, आत तुमचं नशीब.”

“नशीब द्या.”

आणि वर त्यानं एक किंमत सांगितली. ऐकून मला खरंच हसू फुटलं. तेवढ्यात डबासुद्धा येत नाही, म्हटलं.

“पण मिस,” तो काउंटरवर कोपर टेकून हळूच म्हणाला, “आज मी पहिलाच ना?”

माझा हात डब्यावर तसाच राहिला. मेल्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. दिवसाची पहिली विक्री म्हणजे बुएना मानो, भवानी! पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की तो दिवस बुडालाच म्हणून समजा. ह्या रस्त्यावर ज्यांचं चार मजली दुकान आहे तेसुद्धा हे मोडत नाहीत. आतल्या पडद्यामागून माझ्या मावशीचा, तिता चोलिंगचा, खोकला ऐकू आला. दुकान तिचं. त्या खोकल्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता: दे बाई, आणि घालव त्याला.

मी दिली. मिळालेल्या नोटा हातात घेऊन रिवाजाप्रमाणे दुकानभर फिरले, आणि बेअरिंगचे डबे, टांगलेले पट्टे, कोपऱ्यातले गिअरबॉक्स, सगळ्यांना त्या नोटांनी एकेक टपली मारली. असं केलं की सगळ्या मालाला गिऱ्हाईक लागतं. तो ते मोठ्या गमतीनं बघत होता. मी काउंटरवर परत आले तर त्यानं खांदा पुढे केला.

“हे काय?”

“मलाही मारा एक. बरीच वर्षं पडून आहे हा माल. कुणी उचलतच नाही.”

“किती जुना?”

“तेहेतीस.”

“मग भंगारात घालू की,” मी म्हटलं, आणि नोटांची एक टपली त्याच्या ओल्या खांद्यावर मारली. जरा जोरातच मारली. तो खो खो हसला, आणि जसा आला तसाच रांगत शटरखालून बाहेर गेला... तोवर शटर वर करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शटरला लावलेलं कुलूप काढते तर हा पायरीवर बसलेला.

“आज प्रेशर प्लेट,” तो म्हणाला.

“काल दोन्ही एकदम नाही घ्यायच्या?”

“एकदम घेतल्या असत्या तर भवानी एकदाच झाली असती ना, मिस.”

असा हा हिशेबी माणूस! रोज एक वस्तू. एके दिवशी रिलीज बेअरिंग, एके दिवशी गिअरबॉक्सखालची रबरं, एके दिवशी फ्लायव्हीलचे बोल्ट, आणि प्रत्येक वस्तू भवानीच्या भावात. नाव डेल्फिन. कालोओकानच्या एका गॅरेजात दिवसभर टॅक्स्या दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःची ती खटारा रेसगाडी बांधायचा. तिकडून सगळ्यांच्या आधी आमच्या दारात पोहोचायचं तर केव्हा उठत असेल, देव जाणे. कधी कधी तर मी माल शोधायला शिडीवर चढले की तो काउंटरवर डोकं टेकून झोपून जायचा. मी डबा त्याच्या कानाशी आपटायचे.

“उठा बॉस, इथं झोपायचं भाडं पडतं.”

“पानदेसाल आणलेत,” तो डोळे न उघडता कागदी पिशवी पुढे सरकवायचा. भट्टीतून नुकतेच काढलेले पाव असायचे, पिशवीला घाम आलेला असायचा. मग आम्ही ते कॉफीत बुडवून खायचो, उभ्या उभ्या, फारसं न बोलता. दोन दमलेली माणसं सकाळी बोलणार तरी काय? पण त्या न बोलण्याची मला सवय होत चालली होती, हे मला कळत होतं. कळूनही मी काही करत नव्हते.

माझं नाव त्यानं तिसऱ्या का चौथ्या दिवशी विचारलं.

“लुनिंगनिंग. सगळे निंग म्हणतात.”

“लुनिंगनिंग... म्हणजे चकाकी!” तो माझ्या ग्रीस लागलेल्या गालाकडे बघून म्हणाला.

“एक शब्द पुढे बोललात तर भाव दुप्पट.”

“मी कुठे काय म्हटलं? उलट मी म्हणणार होतो की...”

“की काय?”

“काही नाही. भाव वाढेल.”

ज्या दिवशी रिलीज बेअरिंग घेतलं, त्या दिवशी ते हातात फिरवत तो उगाच विचारत बसला, “हे नक्की काय करतं, मिस निंग?” जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं!

“तुम्ही क्लच दाबला की इंजिन आणि चाकं एकमेकांना सोडतात ना, ते ह्याच्या जिवावर.”

“आणि पुन्हा धरायचं असेल तर?”

“ते तुमच्या पायावर आहे, बॉस. हळू सोडलात तर धरतात. घाई केलीत की गचका बसून बंद.”

“मी घाई करत नाहीये,” तो म्हणाला. एकदम हळू म्हणाला. मी पावती लिहायला खाली मान घातली ती बराच वेळ वर काढली नाही.

तिता चोलिंगच्या नजरेतून काही सुटायचं नाही. “हा माणूस रोज माझी भवानी लुटतोय,” ती आधी कुरकुरायची. शेजारचे दुकानदार चिडवायला लागले, चोलिंग, तुझ्या दुकानाला देवळाचा पुजारी लागलाय काय गं, रोज पहाटे हजर! मग एके दिवशी तिनं मला पडद्याआड ओढलं आणि बोट नाचवत म्हणाली, “निंग, माल कमी पैशात गेला तरी चालेल. पण स्वतःला फुकटात देऊ नकोस. आधी त्याची चौकशी कर.”

चौकशी करायची वेळच आली नाही. गुरुवारी अॅक्सल घ्यायला आला तेव्हा त्याचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन “हो मॅडम, पासपोर्ट दिलाय मॅडम” असं बोलत राहिला. परत आला तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“एजन्सी,” तो म्हणाला. “कतारला गॅरेजात काम आहे. दोन वर्षांचा करार. पुढच्या महिन्यात निघायचं.”

“अच्छा,” मी म्हटलं. अॅक्सलच्या खोक्याला मी आधीच एकदा बांधलेली सुतळी पुन्हा बांधायला घेतली. “मग ही गाडी कशाला बांधताय?”

“रविवारी बतांगासला रेस आहे. तिथल्या एका टीमचा मालक मला ओळखतो. म्हणाला, पहिल्या तिघांत ये, कायमचा ठेवून घेतो... ड्रायव्हर म्हणून, मेकॅनिक म्हणूनही. तसं झालं तर कतार रद्द. नाही झालं तर...” त्यानं खांदे उडवले. “आई एकटी आहे पांगासिनानला. बहिणीचं कॉलेज आहे. टॅक्स्या दुरुस्त करून किती दिवस ओढणार?”

पडदा बाजूला सारून तिता बाहेर आलीच. “कतार! अरे वा! नशीब काढलंस की! पगार काय देतात?” आणि ती त्याची पाठ थोपटत राहिली. आमच्याकडे असंच करतात. कुणी परदेशी निघाला की पेढे वाटल्यासारखं तोंड करतात सगळे.

मी मात्र ह्या आनंदाला लहानपणापासून विटलेय. माझे बाबा सौदीला गेले तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. दर नाताळाला त्यांचं खोकं यायचं, साबण, चॉकलेटं, टॉवेल, आणि त्या खोक्याच्या वासालाच मी बाबांचा वास समजायचे. ते कायमचे परत आले तेव्हा पाठ कामातून गेलेली, आणि आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच कळेना. अजून कळत नाही. जेवायला बसलो की आम्ही टीव्हीकडे बघतो. म्हणून मी फार आधीच ठरवलं होतं, ज्याच्या खिशात तिकीट आहे त्याच्यात जीव गुंतवायचा नाही. आणि आता बघा! रोज पहाटे माझ्या पायरीवर येऊन बसणाऱ्या माणसाच्या खिशात तिकीट निघालं होतं, आणि ते रद्द व्हायचं तर मी त्याला विकलेल्या त्या स्वस्तातल्या लोखंडानं एक रेस तग धरायला हवी होती.

“जिंका मग,” मी म्हटलं. 

शुक्रवारी तो आला नाही. बतांगासला सराव होता, मला माहीत होतं. तरी शटर वर करताना पायरीकडे बघितलंच.

शनिवारी तर पावसानं कहरच केला. आमच्या रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी. एरवी शनिवारी शटर उघडायच्या आत गिऱ्हाईक उभं असतं. त्या दिवशी काळं कुत्रं फिरकेना. मी डबे पुसत बसले होते. सहज बाहेर बघितलं, तर समोरच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली डेल्फिन उभा. जॅकेट छातीशी घट्ट धरलेलं, आत काहीतरी लपवलेलं. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आलेलं. माझ्याकडेच बघत होता.

हात केला नाही. हाक मारली नाही. रस्ता ओलांडला नाही.

मला आधी वाटलं, पाणी ओसरायची वाट बघतोय. मग वाटलं, निरोप घ्यायला आला असेल आणि धीर होत नसेल. मग मात्र राग आला. निरोप घ्यायचा तर येऊन घे ना बाबा, तिथं उभं राहून माझा जीव कशाला टांगणीला लावतोस! मीही मग हट्टाला पेटले. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि एकच डबा सारखी पुसत त्याच्याकडे चोरून बघत राहिले. अशी सकाळ निम्मी गेली. तो तिकडे, मी इकडे, मधे तुंबलेलं पाणी.

“तो माणूस आहे का विजेचा खांब?” शेवटी तिताच वैतागली. “जा, विचार त्याला काय हवंय. मला त्या पोराकडे बघून सर्दी होतेय.”

मी छत्री घेतली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरले. जवळ जाऊन बघते तर ओठ थंडीनं निळे पडलेले.

“काय आहे, बॉस?”

“भवानी झाली का?” त्यानं विचारलं.

“काय?”

“दुकानात... पहिली विक्री झाली का?”

“अहो, ह्या पावसात कोण येतंय? नाही झाली.”

“मग थांबतो,” तो म्हणाला, आणि जॅकेट जरा बाजूला केलं. आत आमच्याच दुकानाचा डबा होता. क्लच प्लेटचा. “काल सरावात हिची मधली स्प्रिंगच सुटली. गाडी तिकडे उघडून ठेवून आलोय. दुसरी जरा बरी द्या, वरचे पैसे देतो. पण आधी कुणीतरी काहीतरी विकत घेऊ दे.”

मी तिथंच पाण्यात उभी राहिले. भवानीच्या आधी माल परत करायला येणं म्हणजे दुकानाचा दिवसच नाही, अख्खा महिना नासवणं. ह्या रस्त्यावर कुणी ते करत नाही. परत करायचं असेल तर लोक जेवणानंतर येतात. पण दुपारी बतांगासला टायमिंग घेणार होते, कोण कुठल्या नंबरवरून सुटणार ते ठरवायचं होतं! आणि हा शहाणा इथं पहाटेपासून पाण्यात उभा होता.

“मेसेज तरी करायचास!” मी ओरडलेच. तुम्ही वरून तू वर केव्हा आले ते माझ्याही लक्षात आलं नाही.

“मेसेजमध्ये काय लिहिणार? परत करायचंय असं? तेही भवानीच्या आधीच झालं असतं ना...”

“अरे वेड्या! तुझी रेस आहे!”

“तुझं दुकान आहे,” तो म्हणाला.

ह्या माणसाला शिव्या द्याव्यात का त्याच्या गळ्यात पडावं, मला कळेना. तेवढ्यात कोपऱ्यावरून “ताहो... ताहोऽऽ” अशी आरोळी आली. खांद्यावर कावड, दोन्हीकडे डबे, ताहो, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं गरम गरम मऊ दही, आणि गुळाचा पाक विकणारा लोलो इस्को पाण्यातून वाट काढत येत होता. वय इतकं की सगळा रस्ता त्याला लोलो, आजोबा, म्हणतो. मी धावत जाऊन त्याची कावडच धरली.

“लोलो, आमच्या दुकानातून काहीतरी विकत घे. काहीही घे!”

“मी? माझ्या कावडीला काय क्लच बसवू?”

“छोटं काहीतरी घे. भवानी व्हायचीय आमची.”

“हो का? आणि माझी झालीय वाटतं?” लोलो फिस्कारला. “पावसानं एक कप गेला नाही माझा. पहिला पैसा हातात यायच्या आधीच खर्च करू? मला वेड लागलंय?”

आता आली का पंचाईत! मी तिथंच पाण्यात उभी राहून ताहोचे चार कप घेतले, लोलोची भवानी केली, त्यानं त्या पैशांनी आपल्या दोन्ही डब्यांना सावकाश टपल्या मारल्या, आणि मग आमची वरात दुकानात आली. तिथं पुन्हा घोळ. लोलोला फ्यूज नको, बल्ब नको, ग्रीस तर मुळीच नको. शेवटी त्याला पाइप आवळायची एक लहान क्लिप पसंत पडली. कावडीचा बांबू एका टोकाला उकललाय, तिथं बसेल, म्हणाला. आणि वर तोंड करून म्हणतो कसा, “भवानीचा भाव लाव हं!”

तितानं पैसे हिसकावून घेतले आणि सगळ्या दुकानाला धडाधड टपल्या हाणल्या. “झाली! झाली भवानी! ये रे आत!” ती ओरडली.

तेव्हा कुठे डेल्फिननं आमच्या पायरीवर पाऊल ठेवलं. मी त्याला जपानी गाडीतून काढलेली, त्यातल्या त्यात चांगली प्लेट शोधून दिली. वरचे पैसे तितानं घेतले नाहीत. ताहोचा एक कप मात्र त्याच्या हातात कोंबला.

“मी पण येते,” मी म्हटलं. कसं म्हटलं, कुणास ठाऊक.

डेल्फिननं तिताकडे बघितलं. तितानं छताकडे बघितलं. “जा,” ती म्हणाली. “नाहीतरी इथं बसून तोच एक डबा पुसणार आहेस. मावसबहिणीकडे राहा रात्री, बतांगासमध्येच आहे ती.”

वाटेत त्यानं उसन्या पिकअपचा जीव काढला, पण रस्त्यावर पाणी होतं, ट्रक अडकलेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा टायमिंग संपून गेलं होतं. वेळच नोंदली नाही म्हणजे सुरुवात सगळ्यांच्या मागून.  तो गाडीखाली शिरला, आणि “उजेड जरा डावीकडे धर, निंग” एवढंच म्हणत प्लेट बसवत राहिला. मी बॅटरी धरून बसले. माझ्या मनात मात्र एकच घोळत होतं, आमच्या दुकानापायी, आमच्या मेल्या भवानीपायी...

रविवारी ऊन पडलं. मी जाळीला नाक लावून उभी होते. रेसमधलं मला काही कळत नाही. मला फक्त आवाज कळतो. गिअर बदलताना क्लच घसरला तर इंजिन कसं उगाच किंचाळतं ते मी पोटातून ओळखते. ते किंचाळणं आता येईल, मग येईल म्हणून माझ्या हाताला जाळीचे वळ उठले. आलंच नाही. ती डबडा गाडी मागून एकेकाला गाठत, एकेकाला मागे टाकत पुढे सरकत राहिली. मी काय काय ओरडले ते सांगण्यासारखं नाही. शेवटच्या फेरीत तो तिसऱ्या गाडीच्या अगदी मागे होता, इतका की दोघांमध्ये हात मावला नसता.

तसाच संपला. चौथा.

टीमचा मालक आमच्या जागेवरून गेला. थांबला. डेल्फिनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “छान चालवलीस. मागून सुटलास म्हणून... नाहीतर होतंच.” आणि पुढे जाऊन त्यानं तिसऱ्या आलेल्या मुलाशी हात मिळवला.

बराच वेळ आम्ही जुन्या टायरांच्या चवडीवर बसून होतो. लोक आपापल्या गाड्या ट्रकवर चढवत होते. त्याच्या पापण्यांवर धूळ साचलेली, माझे पाय सुजलेले. दोघांच्याही अंगाचा नुसता भुगा झाला होता.

“काल सरळ आत आला असतास तर,” मी म्हटलं, “आज तिसरा असतास. पहिलासुद्धा असतास.”

“असतो कदाचित.”

“मग का नाही आलास?”

“तू रोज सगळ्या डब्यांना एवढ्या मनापासून टपल्या मारतेस...” तो थांबला. बुटाचं टोक मातीत घुसवत राहिला. “तुझा दिवस माझ्या हातून नासलेला मला चालणार नव्हता, निंग. एवढंच. आवडतेस तू मला. आता सांगून काही उपयोग नाही, पण आवडतेस.”

आमच्याकडे जाणाऱ्याला कुणी थांब म्हणत नाही. विमानतळावर बघा कधीही. बायका, आया, पोरं, सगळे डोळे पुसतात आणि म्हणतात “इंगात”... जपून राहा. थांब म्हणायची हिंमत कुणाची? त्याच्या जाण्यावर घर चालणार असतं. थांब म्हणणारा स्वार्थी ठरतो. मी बाबांना दर वेळी इंगात म्हटलंय, टाचा उंचावून, मोठ्यानं. माझ्या तोंडाशी आत्ताही तेच आलं होतं.

“जाऊ नकोस,” मी म्हटलं.

त्यानं मान वर केली.

“काय म्हणालीस?”

“जाऊ नकोस. ऐकू येत नाही का? मला नकोय तू कतारला गेलेला. मला तू पायरीवर बसलेला हवायस. पैशाचं काय करायचं मला माहीत नाही. तुझ्या बहिणीच्या कॉलेजचंही माहीत नाही. पण ते मिळून बघू... मी कमावते, अगदीच रिकामी नाहीये. जाऊ नकोस, डेल्फिन.” बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि फुटलं ते फुटलंच. “मी आधीच खूप दमलेय रे. आता आणखी कुणाची वाट बघायला लावू नकोस.”

  त्यानं माझा हात उचलला, तळव्यावरचे जाळीचे वळ अंगठ्यानं पुसल्यासारखे केले... जसे काही पुसले जाणार होते.

“तिकडे जाऊनही दमायचंच आहे,” तो म्हणाला. “मग इथंच दमतो. तू असशील ना शेजारी बसायला?”

“असेन.”

“मग नाही जात.” त्यानं मोठा श्वास सोडला, आणि लगेच चेहरा उतरला. “नानांगला कोण सांगणार?”

नानांग म्हणजे त्याची आई. सगळ्या गावाला तिनं सांगून ठेवलं होतं म्हणे, माझा मुलगा कतारला चाललाय.

“तूच सांगणार. आई कुणाची?”

“माझी. म्हणूनच मला ती फाडून खाईल. तुला नाही खाणार. तू परकी आहेस.”

“डेल्फिन! काहीतरी काय!”

पण ह्या माणसानं नंबर लावून फोन माझ्या हातात दिलासुद्धा. पलीकडे रिंग वाजायला लागली. मी फोन त्याच्याकडे ढकलतेय, तो दोन्ही हात वर करून मागे सरकतोय, आणि तेवढ्यात एक बारीक आवाज आला, “हॅलो? दोय, बाळा? काय झालं रे रेसचं?”

“नानांग... मी निंग बोलतेय. डेल्फिनची... मी पार्ट्सच्या दुकानातली.”

“हो गं बाई. भवानीवाली ना? ठाऊक आहे मला.”

मी डेल्फिनकडे डोळे वटारून बघितलं. तो टायरामागे तोंड लपवत होता.

“चौथा आला, नानांग. गाडी शेवटपर्यंत टिकली. पण चौथा आला. आणि...” मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “आणि तो कतारला जात नाहीये. त्याला मी म्हटलं नको जाऊस. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.”

 पलीकडे दूर कुठेतरी कोंबडा ओरडत होता, तेवढा ऐकू येत होता.  मग श्वास ऐकू आला, तुटक तुटक... आणि मला कळलं, ती रडत होती.

“नानांग?”

“बाई गं,” ती म्हणाली, “महिनाभर मी त्याला रोज फोन करतेय. रोज ठरवते, आज म्हणायचं, नको जाऊस म्हणून. आणि रोज तोंडातून निघतं, जपून राहा बाळा, उन्हात फिरू नकोस. बापालाही त्याच्या तसंच पाठवलं होतं मी. मला नाही जमलं गं म्हणायला. बरं झालं... कुणीतरी म्हटलं.”

 फोन कानाला तसाच धरून मी डेल्फिनकडे बघितलं. तो टायरामागून बाहेर आला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं, कारण तो मनगटानं डोळे पुसत होता आणि तोंडभर ग्रीस फासून घेत होता.

पलीकडे नानांगनं नाक ओढलं, घसा साफ केला. “जेवलात का दोघं?”

“नाही अजून.”

“मग आधी जेवा,” ती म्हणाली. “बाकीचं मग बघू.”